हवामान बदलामुळे उष्ण प्रदेशातले परजीवी आजार नव्या भागांत पसरतात का? पुण्याला कितपत धोका?

पसरतात. पण सगळं खापर तापमानवाढीवर फोडून हात झटकणाऱ्यांची मला चीड आहे, म्हणून लिहितेय.

माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली. आमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दिवसाआड थंडी वाजून ताप यायला लागला. स्लाइड मीच पाहिली. व्हायवॅक्स मलेरिया. चेअरमनसाहेब निवृत्त इंजिनिअर. म्हणाले, "ताई, मजुरांनी आणला असणार. शिवाय वातावरणच बदललंय, आपण काय करणार?" गच्चीची किल्ली यांच्याच खिशात! मागून घेतली आणि वर गेले. टाकीचं झाकण बाजूला, आत अळ्या, पाण्याला समांतर आडव्या. क्युलेक्सची अळी तिरकी लटकते; आडवी म्हणजे ॲनाफिलीस, मलेरिया पसरवणारा डास. परजीवी मजुराच्या रक्तातून आलाही असेल, पण डासाशिवाय तो काकूंपर्यंत पोचत नाही. साहेब वर आलेच नाहीत. "पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ."

शहरी टाक्यांत वाढणारा ॲनाफिलीस स्टीफन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीत सापडला, पुढे इथिओपियातही. बहुधा जहाजांतून गेला, आणि टिकला तो माणसांनी साठवलेल्या पाण्यावर.

सेनेगल नदीवर १९८६ मध्ये दियामा धरण झालं. समुद्राचं खारं पाणी वर येईना, गोड्या पाण्यात गोगलगायी माजल्या, त्यांना खाणाऱ्या कोळंबीची वाट अडली. दोन-तीन वर्षांत रिशार-तोल भागात शिस्टोसोमियासिसची, म्हणजे गोगलगायींत वाढून पाण्यातून माणसाच्या अंगात शिरणाऱ्या कृमींच्या आजाराची, साथ आली. (हा आजार आपल्याकडेही रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात सापडल्याची १९५२ ची नोंद आहे.) हे सांगितल्यावर साहेब विचारतात, "मग धरणं बांधायचीच नाहीत का?" बांधा हो, पण गोगलगायींचा हिशेब आधी करा.

तापमानाचा काहीच हात नाही असं मात्र नाही. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीची वाढ डासाच्या शरीरात साधारण १८ अंशांखाली थांबते, म्हणून डोंगराळ थंड भाग तापले की तिथे मलेरियाला वाव मिळतो. अति उन्हात डासही तगत नाहीत, हेही खरं. पुणे काही तसं थंड नव्हतंच. इथे मलेरिया जुनाच आहे. आणि डेंगी विषाणूचा, तो यात घुसडू नका.

तुमच्या टाकीला घट्ट झाकण, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का ते बघा. चेअरमन "वातावरण" म्हणाले तर वाद न घालता गच्चीची किल्ली मागा, आणि त्यांनाही वर न्या.