रात्री येणाऱ्या बावीस कॉमेंट

“मॅडम, पीआर टाकला की जेवण जात नाही. एका पीआरवर बावीस कॉमेंट आल्या. सहा वर्षं काम करून मला काहीच येत नाही का?”

विजयनगरला राहणाऱ्या एका डेव्हलपरचा हा प्रश्न. पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट: आपला कोड मुख्य कोडमध्ये जाण्याआधी सहकाऱ्याला तपासायला देणं. तपासणारा तो रिव्ह्यूअर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) इंदूरच्या आयटीतली बरीच मुलं हीच काळजी घेऊन माझ्याकडे येतात. याचा रिव्ह्यूअर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होता. तिथले सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ. म्हणजे कॉमेंट यायच्या त्या ताटावर बसताना नाहीतर अंथरुणात. दमलेल्या माणसाला साधं “हे असं का?” सुद्धा टोमण्यासारखं ऐकू येतं. पहिला बदल म्हणून रात्री आठनंतर नोटिफिकेशन बंद आणि वाचन सकाळी दहाला, लॅपटॉपवर.

मग त्या बावीस कॉमेंट कागदावर उतरवून घेतल्या. खऱ्या चुका निघाल्या तीन, त्यातली एक लूपच्या (तेच काम परत परत करणाऱ्या कोडच्या) आत डेटाबेसला पुन्हापुन्हा विचारण्याची. सहा निव्वळ प्रश्न होते. उरलेल्या तेरा नावं, मोकळ्या जागा, मांडणी यांच्या. त्यांतल्या बऱ्याचशा लिंटर आणि फॉरमॅटरनं, म्हणजे कोडमधल्या चुका आणि मांडणी आपोआप तपासणाऱ्या साधनांनी, आधीच पकडल्या असत्या. शिवाय पीआर होता नऊशे ओळींचा. तोच डेटाबेसच्या टेबलमधला बदल, मागचं लॉजिक आणि स्क्रीन असा तीन भागांत गेला असता, तर वाचणाराही वैतागला नसता.

तिसऱ्या आठवड्यात गाडी वेगळ्याच ठिकाणी अडली. तो आता प्रत्येक कॉमेंटला “डन” लिहून मोकळा व्हायला लागला. वरवर पाहता सुधारणा. मला मात्र हीच जास्त काळजीची वाटली. रिव्ह्यूअरनं कोडमधली एक तपासणी ‘दोनदा झालीय’ म्हणून काढायला सांगितली, यानं काढली. ती जुन्या ग्राहकांच्या अपुऱ्या नोंदींसाठी होती. टेस्टिंगमध्ये सगळं कोसळलं.

“तुला माहीत होतं?”
“होतं. वाद नको म्हणून बोललो नाही.”

भांडणं आणि गप्प बसणं, दोन्ही एकाच भीतीतून येतं. त्यावर त्यानं नेम ठरवला: चूक असेल तर दुरुस्त करून तसं कळवायचं, प्रश्न असेल तर कारण लिहायचं आणि तेच कारण कोडमध्येही ठेवायचं, कारण पुढचा माणूस तेच विचारणार, पटत नसेल तर एका वाक्यात का ते सांगायचं. दोन उत्तरांत मिटलं नाही, तर दहा मिनिटांचा कॉल.

कॉल का, हे त्याला तबल्यावरून उमगलं. रामबागेतला क्लास त्यानं नोकरीपायी सोडला होता, तो मंगळवार-शुक्रवार पुन्हा धरला. गुरुजी सोळा मात्रांच्या तीनतालात थांबवून म्हणतात, “खाली नवव्या मात्रेवर आहे, तू त्या भागातही बायाँ घुमवतोयस.” (खाली म्हणजे तालातला हलका, बिनटाळीचा भाग; बायाँ म्हणजे डग्गा.) त्याला वाईट वाटत नाही. चूक दोघांनाही ऐकू आलेली असते, आणि पुढचं आवर्तन लगेच समोर असतं. लेखी कॉमेंटमध्ये आवाजच नसतो; तो आपण आपल्या भीतीतून भरतो.

मात्र शेरे कोडऐवजी माणसावर येत असतील, तर ते जपून ठेवून मॅनेजरला दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक गेली असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आठव्या आठवड्यात त्याच्या पीआरवर सात कॉमेंट होत्या. एका ठिकाणी त्यानं “हे असंच राहू दे” म्हणून कारण लिहिलं. रिव्ह्यूअरनं ती कॉमेंट मागे घेतली. हे त्यानं सकाळी वाचलं. रात्री तो क्लासला होता.