वन्संना घेऊन व्हिएन्ना: एकत्र किती फिरायचं, वेगळं किती?

प्रश्न: मी सोलापूरची, शाळेतून रिटायर झालेय. मेमध्ये मी आणि माझ्या नणंदबाई, दोघीच व्हिएन्नाला चाललोय, पाच दिवस. वन्सं माझ्यापेक्षा मोठ्या, गुडघ्याचा त्रास आहे, जिने चढवत नाहीत, आणि म्युझियम म्हटलं की त्यांना कंटाळा येतो, बाग आणि बाजार दाखवा म्हणतात. मला चित्रांचं वेड. त्यांना परक्या गावात एकटं बसवणं बरं दिसत नाही आणि त्यांच्यासाठी सगळं सोडलं तर माझ्या मनात कायमचं राहून जाईल. काय करावं कळंना झालंय.

उत्तर: ताई, दोघी गेलो म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत बरोबरच राहिलं पाहिजे हे आधी डोक्यातून काढा. रोज दुपारचे दोन-तीन तास वेगळे, बाकी सगळं बरोबर, असं इथूनच ठरवून जा, आणि वन्संना हे तुम्ही स्वतः सांगा, तिथं गेल्यावर ऐनवेळी नाही. घरी बसून बोललं की त्यात वाईट वाटण्यासारखं काही राहत नाही, तिकडं रस्त्यात उभं राहून बोललं की तेच भांडण होतं. मी जोडीनं गेलेल्या कितीतरी लोकांचं ऐकलंय, ट्रिप बिघडते ती पैशावरून कमी आणि ‘तुझ्यामुळं माझं राहिलं’ यावरून जास्त.

आता व्हिएन्ना यासाठी फार सोयीचं गाव आहे. तुम्हाला बघायचंय ते बरंचसं रिंगश्ट्रासे नावाच्या गोल रस्त्यावर किंवा त्याच्या आतबाहेर आहे, तिथून ट्राम सारख्या धावतात, आणि म्युझियमच्या शेजारी बहुतेक ठिकाणी बाग किंवा बाकं असलेला चौक आहेच. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम बघा, १८९१ मध्ये उघडलेलं, सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रुगेल, त्याची चित्रं जगात सगळ्यात जास्त इथंच आहेत. ‘बर्फातले शिकारी’समोर निवांत उभं राहा, ते १५६५ चं चित्र आहे, शिकारी दमून परत येतायत आणि खाली गोठलेल्या तळ्यावर माणसं खेळतायत, एकेक बारकी आकृती बघण्यात वेळ कसा जातो कळत नाही. म्युझियमच्या दारासमोरच मारिया थेरेसिया राणीच्या पुतळ्याचा चौक आहे, वन्संनी तिथं बसावं. नाहीतर गुरुवारी जा, त्या दिवशी म्युझियम रात्री ९ पर्यंत उघडं असतं, म्हणजे दिवस दोघींचा आणि संध्याकाळ तुमची.

पण वन्संना म्युझियमचा कंटाळा आहे हे मला पूर्ण पटत नाही. सोलापूरच्या बाईनं आयुष्यभर चादर, टॉवेल, माग, सूत बघितलेलं असतं, तिला राजेरजवाड्यांची तैलचित्रं दाखवत चार तास फिरवलं तर कंटाळा येणारच की. त्यांना ‘मॅक’मध्ये न्या, हे उपयोजित कलेचं म्युझियम, श्टुबनरिंगवर. तिथला जुन्या गालिचांचा संग्रह जगात नावाजलेला आहे, त्यात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा कैरोचा एक मामलुक (इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या नावानं ओळखला जाणारा) गालिचा आहे, सगळा रेशमाचा, आणि तसा रेशमी मामलुक जगात आजवर तेवढा एकच माहितीय. ताणा-बाणा कळणारं माणूस तो कसा बघेल ते तुमच्यामाझ्यासारख्याला कळणारसुद्धा नाही, तेव्हा तिथं त्यांनाच बोलू द्या. याच म्युझियमकडं अकबराच्या काळातल्या हमझानाम्याची, म्हणजे हमझा नावाच्या वीराच्या गोष्टींच्या चित्रपोथीची, ६० पानं आहेत, ती सुती कापडावर रंगवलेली आहेत. कापड नाजूक, त्यामुळं ती कायम लावलेली नसतात, आत विचारून घ्या. आणि एवढं करून वन्संचे पाय दुखायला लागलेच तर मॅकला लागूनच श्टाटपार्क आहे, संगीतकार योहान श्ट्राउसच्या सोनेरी पुतळ्याजवळ त्यांना बसू दे, तुम्ही उरलेलं बघून या. सोमवारी मात्र मॅक बंद असतं.

शोनब्रुन राजवाडा दोघींनी मिळून करा. तिकीट काढताना मोठं घ्या, कारण ‘मिलियन्स रूम’ नावाची खोली त्यात येते, तिच्या भिंतींवर मुघल लघुचित्रं लाकडात बसवलीयत. ती बसवायला मूळ चित्रं कापली होती हे वाचलं की मला अजून वाईट वाटतं, तरी बघायलाच हवी अशी खोली आहे. मागची बाग फुकट आहे. वर टेकडीवर ग्लोरिएटे नावाची कमानींची इमारत दिसेल, तो चढ वन्संना नको, खाली नेपच्यूनच्या कारंजाशी बसता येतं. सेंट श्टेफान चर्चमध्येही तसंच, दक्षिणेच्या मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत पण उत्तरेच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि पुमेरिन ही प्रचंड घंटा तिथंच टांगलेली आहे, म्हणजे वन्संचं काही बुडत नाही.

वेगळं व्हायचं तेव्हा एकच नियम पाळा: जागा आणि वेळ दोन्ही पक्की, फोन लागो न लागो. ‘चर्चपाशी भेटू’ असं नको, ‘चर्चच्या पुढच्या मोठ्या दाराशी, ४ वाजता’ असं. जी आधी येईल तिनं जागा सोडायची नाही. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून वन्संच्या पर्समध्ये ठेवा, अडचणीचा नंबर ११२. बसायला कॉफीहाउस सगळ्यात उत्तम, एक मेलांज, म्हणजे दुधाची कॉफी, मागवली की बरोबर पाण्याचा ग्लास येतो आणि कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही, बाथरूमची सोयही होते. मेट्रोला आत जाताना फाटक नसतं, म्हणून तिकीट नको असं समजू नका, कागदी तिकिटावर मशीनचा शिक्का मारूनच चढा, तपासनीस आले तर दंड मोठा आहे.

प्रश्न: आम्ही पण सोलापूरचे, जूनमध्ये तिकडेच जातोय. बरोबर खायला काय न्यावं, पाण्याचं काय?

उत्तर: कडक भाकरी आणि शेंगा चटणी बिनधास्त न्या, भाकरी मोडू नये म्हणून स्टीलच्या डब्यात भरा. पेढे, तूप, खवा असलं दुधाचं काही नको, बाहेरून युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. पाणी विकत घेऊ नका, तिथं नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून, बाटली भरून फिरा. आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, नाशमार्क्ट बाजारसुद्धा, म्हणून दूध, ब्रेड, फळं शनिवारीच आणून ठेवा.