फुकट येतात, त्यांना बोलू कसं?

प्रश्न : बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी स्वयंसेवकांचं नियोजन बघते. ग्रुपवर चाळीस जण आहेत, पाळीला येतात दोघं-तिघं. बाकीचं मीच ओढते. एक काका मात्र पाच वर्षं नेमाने येतात. पण ते निवाऱ्यातल्या लोकांचे फोटो काढून सगळीकडे पाठवतात, ‘धडधाकट आहेस, काम का करत नाहीस?’ असं सुनावतातही. फुकट वेळ देणाऱ्या माणसाला बोलायचं कसं? सगळं सोडून द्यावंसं वाटतं.
— दमलेली

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘फुकट’ हा शब्द माझ्या मनात अडकून राहिला. त्यानंच तुमची जीभ बांधून ठेवली आहे. स्वयंसेवक पगार घेत नाहीत, खरंय. पण पाळीला नाव दिलं म्हणजे शब्द दिला, आणि तो तुम्हाला नाही, दाराशी वाट बघणाऱ्या माणसाला. तुम्ही बांधील आहात त्याही त्याच माणसाला.

म्हणून आधी काकांशी बोला. ग्रुपवर नको, चारचौघांत नको, एकट्याने भेटा. त्यांच्या पाच वर्षांची मनापासून दखल घ्या आणि मग स्पष्ट सांगा, ‘काका, आजपासून इथं कुणाचा फोटो काढायचा नाही.’ कारणही सांगा. निवाऱ्यात आलेली एखादी बाई मारहाणीतून पळून आलेली असते. ती कुठं झोपते, हे एका फोटोवरून मारणाऱ्याला कळू शकतं. ‘मी विचारूनच काढतो,’ असं ते म्हणतील. पण जेवणासाठी रांगेत उभा असलेला माणूस नाही म्हणेल कसा? आणि रस्त्यावर झोपणारे कितीतरी जण काम करतातच. ज्यांना मिळत नाही त्यांच्याकडे पत्ता नसतो, कागदपत्रं हरवलेली असतात, आंघोळीला किंवा पिशवी ठेवायला जागा नसते. काकांना एखाद्याच्या कागदपत्रांसाठी सोबत खेटे घालायला पाठवा. माझा अनुभव सांगते, अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर सुनावणारा माणूस बराच गप्प होतो. नाहीच बदलले, तर कपडे निवडायचं, सामान लावायचं काम द्या. तिथूनही कुरबुर सुरू राहिली, तर त्यांना नमस्कार करून निरोप द्या. जड जाईल, पण द्या.

आता दांड्यांचं. ‘उद्या कोण येईल?’ असं ग्रुपवर विचारलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी जाईल. एकेकाला फोन करा. लहान आणि ठरलेलं काम द्या : एक वार, दोन तास. जमणार नसेल तर बदली माणूस ज्याचा त्यानं शोधायचा. नवा माणूस पहिले तीन वेळा जुन्याच्या जोडीला हवा. 10 ऑक्टोबरला, जागतिक बेघर दिनी, उत्साहानं येणाऱ्यांना परत पाठवू नका. पण त्यांना त्या दिवशी सामानाच्या खोलीत कामाला लावा, माणसांमध्ये नको.

राहिल्या तुम्ही. प्रत्येक भोक तुम्ही स्वतः बुजवता, म्हणून ते संस्थेला दिसतच नाही. माणसं कमी आली की त्या दिवशी कोणतं काम बंद ठेवलं, ते विश्वस्तांना लेखी कळवा. एकट्यानं पाळी मात्र कधीही चालवू नका. आठवड्यातला एक दिवस तुमचा फोन दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवा, हेही त्याच पत्रात मागा.

सोडायचं की नाही, ते आत्ता ठरवू नका. या आठवड्यात काकांना भेटा. भेटीआधी ते फोटोचं वाक्य कागदावर लिहून दोनदा मोठ्यानं म्हणून बघा. मग मला पुन्हा लिहा.