आई-बाबांना घेऊन टूर कंपनीशिवाय अंदमानला जाता येईल का? सात दिवसांची आखणी कशी करू?

हो, जाता येतं. मी फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन गेले होते. बाबा तेव्हा ७१ वर्षांचे होते आणि आईचे गुडघे दुखरे. तुम्ही लिहिलंय की तुमचे आई-वडीलही साठीच्या पुढचे आहेत आणि तुम्हाला सगळ्यांत जास्त धास्ती बोटींची वाटते. ती वाटायलाच हवी, कारण अंदमानात सगळी आखणी बोटीच्या वेळापत्रकावर चालते. हॉटेल, जेवण, गाडी हे सगळं मागाहून जमतं.

आधी नावांचं सांगते, कारण बुकिंग करताना जुनी-नवी दोन्ही दिसतात. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. बोलताना तिथली माणसं अजून जुनीच नावं घेतात. भाषेची अडचण येत नाही. बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडची अशी सगळीकडची माणसं तिथे वसली आहेत आणि आपापसांत ती हिंदीच बोलतात.

मी असं केलं: आधी विमानाची तिकिटं काढली, लगेच बोटींची, आणि मग राहण्याची सोय पाहिली. विमान चेन्नई किंवा कोलकात्याहून घेतलं तर पर्याय भरपूर मिळतात. सरकारी बोट स्वस्त असते, पण बाहेरून जाणाऱ्याला तिचं तिकीट मिळवणं जिकिरीचं. आई-बाबा सोबत असतील तर खाजगी वातानुकूलित बोट घ्या. त्यांचं बुकिंग घरबसल्या होतं आणि पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला दीड-दोन तासांत पोहोचता येतं. शक्यतो सकाळची बोट धरा. आईला बोट लागते, म्हणून आमच्या डॉक्टरांना विचारून गोळी नेली होती. निघण्याआधी अर्धा तास तिला ती दिली, पोटात थोडं कोरडं खाणं होतं, आणि प्रवास नीट झाला.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. हॅवलॉक किंवा नीलहून सकाळी बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत कितीही सोपा दिसला तरी करू नका. आम्ही नीलला असताना वारा सुटला आणि दुपारच्या बोटी रद्द झाल्या. आमच्याच हॉटेलातल्या एका जोडप्याचं त्या दिवशी विमान होतं. ते हुकलं, आणि ऐन वेळी नवी तिकिटं काढताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला. आमच्या हाताशी एक दिवस होता, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत निघालो.

सात दिवस मी असे वाटून घेईन. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक, तिथे तीन रात्री. मग नीलला एक रात्र, सहाव्या दिवशी पोर्ट ब्लेअरला परत आणि सातव्या दिवशी विमान. एवढंच. बाराटांग यात मुद्दाम धरलेलं नाही. चुनखडीच्या गुहा पाहण्यासाठी पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबावं लागतं, आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबायला, फोटो काढायला बंदी आहे. तरी काही प्रवासी खिडकीला नाक लावून माणसं दिसतात का ते बघत बसतात, असं आम्हाला गाडीवाल्यानेच सांगितलं. कुणाच्या घराच्या अंगणातून असं जाणं मला पटलं नाही, आणि आईच्या गुडघ्यांनाही तो दिवस झेपला नसता.

सेल्युलर जेलला मात्र भरपूर वेळ द्या. बहुतेक सहलींत ते तासाभरात उरकतात. आम्ही दुपारी गेलो ते संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम पाहूनच निघालो. मधल्या मनोऱ्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघालेल्या होत्या, त्यांतल्या तीन उरल्या आहेत. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर दुसऱ्या माणसाचा चेहरासुद्धा दिसू नये. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते, तरी दोघा भावांची बराच काळ गाठ पडली नाही. सावरकरांची कोठडी सगळ्यांत वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. आई जिन्याच्या दर वळणावर टेकत टेकत चढली, पण चढली. बाबा खाली कैद्यांच्या नावांच्या पाट्यांपुढे कितीतरी वेळ उभे होते. बंगाल आणि पंजाबची नावं संपता संपत नव्हती. शाळेत काळं पाणी शिकवताना ही नावं आम्हाला कुणी सांगितलीच नाहीत, असं ते म्हणाले. जायच्या आधी त्या दिवशी जेल उघडं आहे ना, हे पाहून घ्या.

उजेडाचा हिशेब वेगळा करावा लागतो. घड्याळ आपलंच, पण जागा मुंबईपासून जवळजवळ २० अंश पूर्वेला. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात पाचलाच. राधानगरचा सूर्यास्त बघायचा तर साडेतीनलाच निघा. हा किनारा हॅवलॉकच्या जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटरवर आहे. तरुण मंडळी स्कूटर घेतात, आम्ही रिक्षा ठरवून ती थांबवून ठेवली. मगरींच्या सूचनांचे फलक काही किनाऱ्यांवर दिसतील, ते खरे माना. दोरीने आखलेल्या जागेपलीकडे पाण्यात जाऊ नका.

नीलला दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीलाच नीट बघता येते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप आत ओसरतं आणि खडकांतल्या डबक्यांत मासे, समुद्रकाकड्या, प्रवाळ दिसतात. म्हणून तारखा ठरवताना कालनिर्णय जवळ ठेवा आणि ओहोटीची वेळ तिथल्या हॉटेलात विचारा. खडक शेवाळलेले असतात. वडीलधाऱ्यांना मागे पट्टा असलेली, पकड धरणारी चप्पल हवीच.

स्कूबा करणार असाल तर हॅवलॉकला पहिल्या-दुसऱ्या दिवशीच करा. पाण्याखाली जाऊन आल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास, जमलं तर पूर्ण दिवस जाऊ द्यावा लागतो. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाबरोबर जाता येतं. दमा, हृदयविकार, रक्तदाब यांची माहिती फॉर्मवर खरी लिहा. बाबांनी लिहिली, प्रशिक्षक त्यांना नको म्हणाले, आणि ते काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघून आले.

जानेवारी ते एप्रिलचा सुरुवातीचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. मेपासून पाऊस लागतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातही ईशान्येकडून पाऊस येतो. नाताळाच्या सुट्टीत सगळं महाग आणि बोटी भरलेल्या.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा, बेटांवर एटीएम थोडी आहेत आणि नेटही कधी कधी रुसतं. तिघांची मूळ ओळखपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा, बोटीवर चढताना लागतात. आणि किनाऱ्यावरचं प्रवाळ किंवा शिंपले घरी आणू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. आईने नीलला उचललेला पांढरा तुकडा तिथेच पाण्यात परत सोडला.