संसदेनं ठराव केला म्हणजे जुना गुन्हा पुसला जातो का?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी बडोद्यात रावपुऱ्यात राहतो, बँकेतून रिटायर झालोय. हंगेरीच्या संसदेनं हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टातून बाहेर पडायचं ठरवलं ते वाचलं होतं, त्याआधी केनियातपण असंच झालं होतं म्हणे. आमच्या सकाळच्या वॉकच्या मंडळींमध्ये यावरून चांगलाच वाद झाला. एकजण म्हणतो देश बाहेर पडला की विषय संपला. खरंय का? आणि आपल्या कुलभूषण जाधवांची केस याच कोर्टात होती ना?

उत्तर : काका, आधी जाधवांचं सांगते कारण हा घोळ खूप जणांचा होतो. ते कोर्ट वेगळं. हेगमध्ये दोन कोर्टं आहेत, एकात देश विरुद्ध देश असा खटला चालतो, जाधवांची केस तिथे होती, हरीश साळवेंनी एक रुपया फी घेऊन लढवली आणि १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ असा निकाल लागला. तुम्ही विचारताय ते दुसरं, तिथे देश नाही तर माणूस आरोपी असतो. नरसंहार, युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे असल्या गोष्टींसाठी. त्याचा करार रोममध्ये १७ जुलै १९९८ ला झाला (तारीख तीच, योगायोग) आणि १ जुलै २००२ पासून तो लागू आहे.

आता बाहेर पडायचं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून लेफ्ट होतो तसं नाहीये ते. कराराचं १२७ वं कलम सांगतं की युनोच्या महासचिवांना लेखी नोटीस द्यायची आणि त्यानंतर एक वर्ष थांबायचं. हंगेरीच्या संसदेत २० मे २०२५ ला १३४ विरुद्ध ३७ मतं पडली, नोटीस गेली २ जूनला, म्हणजे वर्ष तिथून मोजायचं. आणि सदस्य असताना जे घडलं त्याची जबाबदारी बाहेर पडून संपत नाही. फिलिपिन्स बघा ना, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंनी २०१८ मध्ये नोटीस दिली, मार्च २०१९ ला देश बाहेर पडला, आणि ११ मार्च २०२५ ला त्याच दुतेर्तेंना मनिलाच्या विमानतळावर पकडून हेगला नेलं, कारण आरोप देश सदस्य होता त्या काळातले आहेत. तुमच्या मित्रांना हे नक्की सांगा.

केनियाचं मात्र मला सविस्तर लिहायचंय. २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे दंगल उसळली, हजारावर माणसं मेली, लाखो बेघर झाली. १ जानेवारी २००८ ला एल्डोरेटजवळ किआंबा गावात लोक जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले होते, बायका, लहान मुलं, आणि ते चर्चच पेटवून दिलं. मग चौकशी आयोगानं संशयितांची नावं एका सीलबंद पाकिटात घालून युनोचे माजी महासचिव कोफी अन्नान यांच्याकडे दिली, अट एवढीच की केनियानं स्वतःचं खास कोर्ट उभं केलं नाही तर पाकीट हेगला जाईल. २००९ मध्ये त्या खास कोर्टाचं बिल कोणी पाडलं? केनियाच्याच संसदेनं. तेव्हा खासदार म्हणत होते की उगाच घोळ नको, सरळ हेगला जाऊ दे. मग पाकीट गेलं. आणि जेव्हा आरोपींमध्ये उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो ही नावं निघाली आणि २०१३ मध्ये तेच दोघं राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा ५ सप्टेंबर २०१३ ला त्याच संसदेनं हेगमधून बाहेर पडायचा ठराव केला, विरोधक उठून बाहेर गेले, आणि रुटोंचा खटला पाच दिवसांनी सुरू होणार होता! मला या तारखा वाचून अजूनही राग येतो. सार्वभौमत्व, सार्वभौमत्व म्हणून भाषणं झाली, पण किआंबातल्या माणसांना घरच्या कोर्टातही न्याय मिळू दिला नव्हता हे कसं विसरायचं.

पुढे नोटीस काही गेली नाही, केनिया कोर्टातच राहिला. पण केस मात्र ढासळली. केन्याटांवरचे आरोप डिसेंबर २०१४ मध्ये मागे घेतले, रुटोंची केस एप्रिल २०१६ मध्ये बंद झाली, साक्षीदारांवर दबाव आल्याचं न्यायाधीशांनीच नोंदवलं. साक्षीदार फुटतो म्हणजे काय ते मी इथल्या कोर्टात पाहिलंय. एक बाई सकाळी डबा घेऊन आली होती, सगळं सांगते म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी दोघं तिच्याशी बोलून गेले, आणि दुपारी पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली मला काही आठवत नाही. डबा तसाच बाकावर राहिला होता. हेगचं कोर्ट मोठं असलं तरी त्याच्याकडे स्वतःचा पोलीस नाही, सरकारनं साथ दिली नाही तर हातात काही राहत नाही.

प्रश्न : पण ताई, हे कोर्ट आफ्रिकेच्याच मागे लागतं, बड्यांना कोण हात लावतो? अशा कोर्टात गरीब देशांनी का राहावं? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो बडोदेकरानं विचारावा यात मला नवल वाटत नाही. १८७५ मध्ये आपल्याच शहरात मल्हारराव गायकवाडांवर खटला चालला, रेसिडेंट म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, त्या कर्नल फेरच्या पपनसाच्या सरबतात सोमल (विष) आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप. सहाजणांचं कमिशन, तीन इंग्रज, तीन आपले, त्यात ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि दिनकरराव राजवाडेपण होते. मत पडलं तीन-तीन. इंग्रज म्हणाले दोषी, आपले म्हणाले सिद्ध होत नाही. तरी इंग्रजांनी गैरकारभाराचं कारण काढून त्यांना गादीवरून उतरवलंच. ते राजे चांगले होते असं मी म्हणत नाही, प्रजेचे हाल झाले होते, पण निकाल ज्याच्या हातात सत्ता त्यानंच लावला हे काही विसरता येत नाही.

आज युनोची सुरक्षा परिषद एखादं प्रकरण या कोर्टाकडे पाठवू शकते, सुदानचं २००५ मध्ये आणि लिबियाचं २०११ मध्ये पाठवलं, आणि परिषदेचे कायम सदस्य अमेरिका, रशिया, चीन स्वतः मात्र या कोर्टाचे सदस्य नाहीत. हा अन्यायच आहे. पण दुसरी बाजूही बघा, युगांडा, काँगो, माली या सरकारांनी प्रकरणं स्वतःहून तिथे पाठवली होती. आणि मार्च २०२३ मध्ये पुतिन, नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्यावर वॉरंट निघालं. नेतान्याहू एप्रिल २०२५ मध्ये बुडापेस्टला पोचले त्याच दिवशी हंगेरीनं बाहेर पडायचं जाहीर केलं, तेव्हा बाहेर पडणारा नेहमी गरीब देशच असतो असंही नाही. कोर्ट लंगडं आहे म्हणून ते दुरुस्त करा म्हणणं वेगळं आणि आपल्या माणसावर आलं म्हणून पळ काढणं वेगळं.

प्रश्न : भारत सदस्य का नाही? मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. (कारेलीबाग)

उत्तर : रोममध्ये करारावर मतदान झालं तेव्हा १२० देश बाजूनं, ७ विरोधात, २१ तटस्थ, आपण तटस्थांत. आक्षेप तीन लक्षात ठेव बेटा : सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार, कोर्टाच्या अभियोक्त्याला (आरोपीविरुद्ध खटला चालवणाऱ्या वकिलाला) स्वतःहून तपास सुरू करायची मुभा, आणि अण्वस्त्रांचा वापर व दहशतवाद हे गुन्ह्यांच्या यादीत नसणं. पहिला आणि तिसरा मला पटतो. दुसरा नाही पटत, कारण सरकारच गुन्हेगार असेल तर तक्रार करणार कोण? दक्षिण आफ्रिकेचा २०१७ चा निकालही वाच, तिथल्या हायकोर्टानं सांगितलं की संसदेला न विचारता सरकारला बाहेर पडता येणार नाही, परीक्षेत उपयोगी पडेल.

प्रश्न : तिथे फाशी देतात का? (मांजलपूर)

उत्तर : नाही. जास्तीत जास्त ३० वर्षं, फारच भयंकर गुन्हा असेल तर जन्मठेप. काँगोच्या लुबांगा या बंडखोर नेत्याला लहान मुलांच्या हातात बंदुका दिल्याबद्दल २०१२ मध्ये १४ वर्षं झाली. शिवाय पीडितांना वकिलामार्फत कोर्टात बोलता येतं आणि आरोपी दोषी ठरला तर भरपाईपण मागता येते. किआंबाच्या लोकांची केस भरपाईपर्यंत पोचलीच नाही.