'सॉरी, आज जमणार नाही'

प्रश्न : माझी ३० फुटी शिडाची बोट आहे, रेसिंगचा हा दुसराच सीझन. आत्तापर्यंत अकरा जण येऊन गेले, टिकले तिघं. रेसच्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला की पोटात गोळा येतो, कारण 'सॉरी, आज जमणार नाही' हा मेसेज ठरलेलाच. चांगली माणसं आणायची कुठून? बायको म्हणते मी बोटीवर फार ओरडतो, पण ते तेवढ्यापुरतं असतं हो, किनाऱ्याला लागलो की मी एकदम नॉर्मल.
– एक वैतागलेला स्किपर

उत्तर : दादा, अकरा जण आले म्हणजे माणसं मिळण्यात तुमचं घोडं अडलेलंच नाहीये, ते अडलंय टिकवण्यात. तरी विचारलंय तर आधी शोधायचं सांगतो.

पट्टीचे सेलर शोधू नका. जे पट्टीचे आहेत त्यांना बोट आधीच मिळालेली असते, आणि ज्यांना मिळालेली नसते त्यांना ती का मिळाली नाही हे दोन रेसमध्ये कळतं. त्यापेक्षा नुकताच सेलिंगचा कोर्स संपवलेले लोक बघा, त्यांना हौस दांडगी असते आणि जायला बोट नसते, दोन महिन्यांत ती हौस विरून जाते, त्याआधी गाठा. छोट्या डिंगीवाले, म्हणजे एक-दोघांच्या लहान शिडाच्या बोटी चालवणारे, उत्तम, वारा त्यांना अंगानं कळतो, फक्त विंच (दोराचे वेढे घेऊन ओढायचा रहाट) आणि मोठ्या शिडाचा जोर शिकवावा लागतो. ज्यांनी कधी बोट पाहिलेली नाही पण गिर्यारोहण वगैरे करतात, दोराला घाबरत नाहीत, ठरलेल्या वेळेला हजर असतात, तेही चालतील. माझ्या मते वेळेवर येणं हा एक गुण असला की बाकी सगळं शिकवता येतं.

मग आकडा. तुमच्या बोटीला साधारण सहा लागतील, सुकाणू, मेन (मोठं शीड), जिब (पुढचं शीड), पिट (शिडं चढवायचे-उतरवायचे दोर), मास्ट (डोलकाठी) आणि बो (बोटीचं नाक). सहा जागांना सहाच माणसं धरलीत तर कुणाच्या तरी घरचं लग्न तुमची रेस बुडवणार हे नक्की. नऊ-दहा जणांची यादी ठेवा, सीझनच्या सगळ्या तारखा सुरुवातीलाच द्या, आणि शनिवारच्या रेसचं हो-नाही बुधवारपर्यंत मागा. बुधवारी नाही म्हणणाऱ्यावर कधीही तोंड वाकडं करायचं नाही, हे महत्त्वाचं, कारण लोक सकाळी सातला मेसेज टाकतात ते बऱ्याचदा आधी सांगायची भीती वाटते म्हणून. आणि दहा जणांना बोलावून चौघांना जेट्टीवरूनच परत पाठवायचं, असलं तर अजिबात करू नका, ते परत येणार नाहीत आणि ते बरोबरच असेल.

आता ओरडण्याचं.

माझीच गोष्ट सांगतो, तेव्हा मी स्किपर होतो. वाऱ्याकडच्या तरंगत्या खुणेला वळसा घालून आम्ही स्पिनेकर, म्हणजे फुग्यासारखं फुगणारं मोठं शीड, चढवला आणि तो आडवाच वर गेला, म्हणजे शिडाच्या डोक्याला लावायचा दोर खालच्या कोपऱ्याला लागलेला. मागून येणाऱ्या बोटी दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. शीड पिशवीत भरलं होतं एका नव्या मुलीनं, तिसरीच रेस तिची. मी सगळ्यांसमोर तिला जे काही बोललो ते इथं लिहीत नाही. ती पूर्ण रेसभर एक शब्द बोलली नाही, किनाऱ्यावर येऊन नीट सगळे दोर गुंडाळून ठेवले, थँक्यू म्हणाली आणि गेली. पुढच्या शनिवारी जागा रिकामी. नंतर मी ते शीड उघडून बघितलं तर तिन्ही कोपरे दिसायला सारखेच, कशावर काही लिहिलेलं नाही, आणि कुठला कोपरा कुठला हे तिला कुणी, म्हणजे मी, दाखवलेलंच नव्हतं. त्या दिवशी जाड मार्करनं एका कोपऱ्यावर 'वर' असं लिहिलं, पाच सेकंदांचं काम. चूक झाली की आधी बघा की ती होऊ नये म्हणून बोटीवर काय करता आलं असतं, माणसाकडे नंतर वळा.

तुम्ही म्हणता ते तेवढ्यापुरतं असतं. तुमच्यासाठी, हो. ज्यानं ऐकलं तो घरी घेऊन जातो.

वाऱ्यात मोठ्यानं बोलावं लागतं हे मान्य, पण मोठा आवाज आणि चिडका आवाज यातला फरक बोवरच्या माणसाला बरोबर कळतो. टॅक घेतानाचंच बघा, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळताना. तुम्ही बोट वळवताय, जिबवाला जुन्या बाजूचा दोर कधी सोडायचा ते बघतोय, लवकर सोडला तर वेग मरतो, उशीर झाला तर जिबमध्ये उलटा वारा भरतो, मग पलीकडचा दोर हातानं सरसर ओढायचा, विंचवर दोन-तीन वेढे, हँडल लावून शेवटचं फिरवायचं, आणि बोटं वेढ्यांपासून लांब. हे सगळं काही सेकंदांत. त्यात तुम्ही मागून 'अरे कर ना, कर ना' म्हणालात तर त्यानं नक्की काय करायचं? त्यापेक्षा 'तयार?' विचारा, 'तयार' ऐकू येईपर्यंत सुकाणू हलवू नका, मग 'टॅक' म्हणा आणि सावकाश वळा. निम्मे फसलेले टॅक हे घाईनं वळवणाऱ्या स्किपरचे असतात, शिव्या मात्र विंचवरचा माणूस खातो.

स्टार्टलाही तसंच. पाच मिनिटांचा सिग्नल, मग चार, मग एक, मग स्टार्ट, हा क्रम नव्या माणसालाही आधी सांगून ठेवा म्हणजे भोंगे वाजले की तो दचकत नाही. शेवटच्या मिनिटात एकानं फक्त सेकंद मोजायचे, बोवरच्यानं रेषा किती लांब आहे ते हाताच्या खुणेनं दाखवायचं, बाकीच्यांनी गप्प. आणि रेस चालू असताना झालेल्या चुकीची चिरफाड फिनिश होईपर्यंत बंद, झाल्यावर दहा मिनिटं बसा आणि पहिली चूक तुमची स्वतःची सांगा. तुमच्याकडे पुरेशा असतील, काळजी नसावी.

अजून एक, नव्याला पहिल्यांदा हलक्या वाऱ्यात न्या. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, १० नॉटचा (ताशी १० सागरी मैल) वारा १४ झाला की शिडावरचा दाब जवळपास दुप्पट होतो, आकडा ऐकायला फक्त चारनं वाढलेला असतो. पहिल्याच दिवशी विंचचा दोर हातातून सुटला की माणूस आयुष्यभर विंचला भितो. जोराच्या वाऱ्यात 'आज रेस करायची नाही' म्हणायचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही तुमच्या बोटीची आहे, नियमातच आहे तसं, आणि एकदा तसं म्हणून परत फिरलात ना की क्रू तुमच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

प्रश्न : वर्षभर एका बोटीवर जातेय. अजून मला बोटीच्या काठावर बसवतात, 'उठ, इकडे बस, आता तिकडे बस' एवढंच. शिकायचंय पण आता कंटाळा यायला लागलाय. बोट सोडू का?

उत्तर : ताई, काठावर बसणं हे फुकटचं काम नाही, वाऱ्याच्या बाजूला वजन असलं की बोट कमी कलते, शिडं आणि किल (बोटीखालचं वजनदार पातं) नीट काम करतात आणि बोट वाऱ्याकडे जास्त चांगली चढते. वजनाचं महत्त्व इतकं की जे/२४ या १९७७ पासूनच्या, एकसारख्या बोटींच्या क्लासमध्ये सगळ्या क्रूचं मिळून वजन ४०० किलोच्या आत ठेवावं लागतं. पण वर्षभर तेच म्हणजे तुम्हाला वाळूची गोणी करून टाकलंय.

स्किपरला 'मला शिकायचंय' असं मोघम सांगू नका, तो हो हो म्हणेल आणि विसरेल. एक काम नाव घेऊन मागा. 'पुढच्या तीन रेस पिटवर हॅलयार्ड मी सोडते, चुकले तर सांगा.' हॅलयार्ड म्हणजे शीड वर-खाली करायचा दोर. पिट ही शिकायला फार छान जागा आहे, सगळे दोर तिथं येतात त्यामुळे कुठलं शीड कधी वर जातं आणि कधी खाली येतं हे महिन्याभरात पाठ होतं. सरावाचा वेगळा दिवस असेल तर तिथं मागा, रेसमध्ये देण्यापेक्षा तिथं देणं स्किपरला सोपं जातं. तरी नाही दिलं तर खुशाल दुसरी बोट बघा, त्यात गद्दारी वगैरे काही नाही, फक्त मालिकेच्या मध्यात सोडू नका आणि मेसेजवर नाही, समोरासमोर सांगा. ही दुनिया छोटी असते, पुढच्या वर्षी त्याच माणसाशेजारी बसायची वेळ येऊ शकते.

प्रश्न : आमच्याकडे दोघं जुने जाणकार. एक म्हणतो डावीकडे चला, दुसरा म्हणतो उजवीकडे, सुकाणूवर मी. शेवटी मधूनच जातो आणि मागून तिसरे येतो. एकाला काढू का?

उत्तर : काढू नका, कामं वेगळी करा. टॅक्टिक्स, म्हणजे कुठल्या बाजूनं जायचं ते ठरवणं, एकाकडे, पूर्ण सीझन नको तर एका दिवसापुरतं, पुढच्या दिवशी दुसऱ्याकडे. ज्याची पाळी नाही त्यानं मत द्यायचं नाही, माहिती द्यायची. 'डावीकडे पाणी काळं दिसतंय, वारा वाढलाय' ही माहिती, 'डावीकडे चला' हे मत. 'स्टारबोर्डवर बोट येतेय, आपण तिच्या पुढून जात नाही' (स्टारबोर्डवर म्हणजे वारा उजव्या बाजूनं घेत) ही माहिती, 'अरे बघतोस काय' हे काहीच नाही. पहिले काही दिवस दोघंही विसरतील, हसून आठवण करून द्या.

माणूस बदलला की सगळं सुटतं असं वाटत असेल तर २०१३ चा अमेरिकाज कप, शिडाच्या बोटींची ती नावाजलेली स्पर्धा, आठवा. अमेरिकेच्या ऑरॅकल टीमनं मधेच टॅक्टिशियन बदलला, ब्रिटनचे नामवंत सेलर बेन एन्सली आले, आणि त्यानंतरही हरत हरत स्कोअर १-८ पर्यंत गेलाच. तिथून ९-८ नं जिंकले ते खरं, पण मधल्या दिवसांत बोटीवरही भरपूर काम झालं होतं. ते सगळे पगारी लोक होते हो, तुमचे दोघं सुट्टीच्या दिवशी हौसेनं येतात, एकाला काढलंत तर दुसराही पुढच्या महिन्यात जाईल.

प्रश्न : पैसे देऊन एक अनुभवी माणूस घेतला तर?

उत्तर : आधी त्या रेसची सूचना वाचा. वर्ल्ड सेलिंग या सेलिंगच्या जागतिक संघटनेच्या वर्गवारीत गट १ म्हणजे हौशी आणि गट ३ म्हणजे व्यावसायिक, आणि काही रेस किंवा क्लास गट ३ वाल्यांची संख्या मर्यादित ठेवतात नाहीतर घेऊच देत नाहीत. नियम सध्याचेच बघा, २०२५ ते २०२८ चे. परवानगी असली तरी मी त्याला रेसला नाही, सरावाच्या दोन दिवसांना बोलवीन. रेसला आणला की तुमच्या एखाद्या फुकट येणाऱ्याची जागा जाते, आणि ती ज्याची गेली तो काय समजायचं ते समजतो.

प्रश्न : नवरा-बायको एकाच बोटीवर, चालतं का?

उत्तर : चालतं, पण एक सुकाणूवर असेल तर दुसऱ्याला मेनचा दोर देऊ नका, ते दोघं अगदी चिकटून बसतात आणि त्यांचं सतत एकमेकांशी बोलणं चालू असतं. दुसऱ्याला बोवर पाठवा. वाऱ्यात अर्धं ऐकूच येत नाही. आणि रेसनंतर बोट धुवायला दोघंच थांबू नका, चार जण अजून थांबवा.