बिल का फुगले? आधी मीटरपाशी उभे राहा

प्रश्न : घरात नवे काही घेतलेले नाही, माणसेही तितकीच. तरी या वेळचे वीजबिल जवळजवळ दीडपट आले. मीटर जोरात पळत असेल का?

उत्तर : मीटरवर आळ घेण्याआधी बिलावरची रक्कम हाताने झाका आणि नुसते युनिट पाहा. युनिट पूर्वीइतकेच असतील तर दर वाढला आहे. घरात शोधाशोध करून काही हाती लागणार नाही. युनिट वाढले असतील तर बिल किती दिवसांचे ते मोजा. 30 ऐवजी 36 दिवसांनी रीडिंग घेतले गेले, तर पाचवा हिस्सा वाढ तिथेच निघाली. मागचे बिल सरासरीवर आले होते का? मग तेव्हाचे उरलेले युनिट आता एकदम अंगावर येतात. शिवाय दर टप्प्याटप्प्याने चढत असेल, तर युनिट थोडे वाढूनही रक्कम भलतीच वाढते.

एवढे करूनही वापर खरोखर वाढलेला दिसला, तर मीटरपाशी जा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ 1 युनिटला तो किती वेळा लुकलुकणार ते छापलेले असते, पुष्कळदा 3200. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. 3200 च्या मीटरवर मिनिटाला 8 वेळा लुकलुकला, म्हणजे त्या क्षणी घरात 150 वॉट चालू आहेत. आता वीजपेटीतला एकेक एमसीबी (घरातल्या एकेका भागाची वीज तोडणारा स्विच) खाली करत पुन्हा मोजा. कुठला एमसीबी पाडल्यावर दिवा एकदम मंदावतो, ते कळले की निम्मे काम झाले.

'नवे काही नाही' म्हणणाऱ्यांच्या घरी माझा पहिला संशय पाण्याच्या मोटरवर जातो. तिचा आवाज इतका अंगवळणी पडलेला असतो, की ती रोज दुप्पट वेळ चालू लागली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाका आणि 15 मिनिटे फ्लश करू नका. भांड्यातले पाणी रंगले, तर टाकी गळते आहे आणि ते पाणी वर चढवायला मोटर राबते आहे. दुसरा संशय फ्रिजवर. दारात कागदाचा चिटोरा धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघून आला तर दाराचे रबर गेले आहे.

प्रश्न : रात्री सगळी बटणे आणि फ्रिजही बंद केला, तरी मीटरचा दिवा लुकलुकतोच. वीज अर्थिंगमध्ये गळत असेल का?

उत्तर : सगळी बटणे म्हणताना राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टर बहुधा राहून जातात. 10 वॉटचे एखादे उपकरण अखंड चालू राहिले, तर 30 दिवसांत 7 युनिट जातात. जुनी बॅटरी जोडलेला इन्व्हर्टर तर दिवसरात्र चार्जिंगच करत बसतो.

मग मेन स्विच पाडा. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर मेन स्विचच्या आधीच कोणी वायर जोडली आहे किंवा मीटर सदोष आहे. सील न तोडता वीज कंपनीकडे मीटर तपासणीचा अर्ज द्या. गळतीचे म्हणाल, तर 230 व्होल्टवर 1 अँपिअर गळती म्हणजे दिवसाला साडेपाच युनिट. पण घराला 30 मिलिअँपिअरचा चालू स्थितीतला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल, तर एवढी गळती होण्याआधीच तो पडतो. नसेल तर इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटरमध्ये (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारे यंत्र) फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकत्र धरायला सांगा. आकडा शून्याजवळ हवा. नसला, तर गिझर आणि मोटर आधी तपासा. हा प्रश्न बिलापेक्षा जिवाचा आहे.

प्रश्न : सॉकेटमध्ये लावायचे 'पॉवर सेव्हर' खरोखर बिल कमी करते का?

उत्तर : नाही. त्या डबीत बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहापैकी किती कामी येतो त्याचे प्रमाण) सुधारू शकतो, पण घरगुती बिल सहसा किलोवॉट-तासांवर, म्हणजे युनिटवर आकारतात, पॉवर फॅक्टरवर नाही. उलट त्या दिव्याची वीज तुमच्याच बिलात पडते.

प्रश्न : घरभर एलईडी लावले, तरी बिल तिथेच. आता पंखेही बदलू का?

उत्तर : मुळात दिव्यांचा वाटा लहान असतो. 9 वॉटचा बल्ब 5 तासांत खातो तेवढी वीज 2000 वॉटचा गिझर दीड मिनिटाच्या आत संपवतो. त्यामुळे पाणी तापवणे आणि हवा गार करणे इथे आधी हात घाला. गिझर दिवसभर चालू ठेवू नका, अंघोळीआधी लावा. एसीची जाळी धुवा, तापमान दोन अंश वर न्या आणि सोबत पंखा लावा. पंखे सरसकट बदलू नका. साधा पंखा 75 वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण 30. रोज 15-16 तास फिरणारा पंखा बदलला तर महिन्याला 20 युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या.